१४ वर्षं कथक करून काही झालं नाही, मग फ्लामेंकोत चार महिन्यांत पाय का दुखतोय?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: पुण्यात १४ वर्षं कथक, विशारद पूर्ण, नोकरीसाठी माद्रिदला आलीस आणि चार महिन्यांपूर्वी फ्लामेंको या स्पॅनिश नाचाचा क्लास लावलास. आधी आठवड्याला दोन तास होते, आता सहा, शिवाय घरी सराव. उजव्या पायाचा चवडा दुखतो, नेमका दुसऱ्या बोटाच्या मागे. डावा गुडघा वाटीपाशी दुखतो, जिना उतरताना जास्त. बाई म्हणतात आवाज अजून दमदार हवा. डॉक्टर म्हणाले महिनाभर नाच बंद. आणि तुझा खरा राग वेगळाच आहे: शहाबादी फरशीवर अनवाणी तास तास तत्कार करून ज्या पायांना काही झालं नाही, त्यांना आत्ताच काय धाड भरली?

वयाने लहान असशील असं धरून एकेरीत लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी पुण्यात काम केलं, तेव्हा कथक आणि भरतनाट्यम् करणाऱ्या मुली बऱ्याच यायच्या. गेली ११ वर्षं माद्रिदमध्ये आहे आणि इथे येणाऱ्यांत फ्लामेंकोवाले खूप. म्हणजे तुझ्या दोन्ही पायांची भाषा मला थोडीथोडी येते.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट बाजूला काढू, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. चवड्यातलं दुखणं बोटाच्या टोकाने दाखवता येतं का? म्हणजे 'इथे' म्हणून एकच जागा दाबली की कळ येते, की तळहाताएवढा भाग ठणकतो? रात्री झोपेत दुखतं का? त्या एका पायावर अनवाणी चार उड्या मारल्यास सहन होत नाही का? पायाच्या वरच्या बाजूला सूज आहे का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर बोटामागच्या लांब हाडाला ताणाचा तडा जात असण्याची शक्यता आहे. मग डॉक्टरांचं बरोबर आहे, नाच बंद, आणि एमआरआय काढायचा. साध्या एक्स-रेत असा तडा पहिले दोन-तीन आठवडे बहुतेक वेळा दिसत नाही, त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आला' यावर विसंबू नकोस. पाळी अनियमित झाली असेल, जेवणाची आबाळ होत असेल, व्हिटॅमिन डी कमी असेल, तर तेही डॉक्टरांना स्वतःहून सांग. नव्या शहरात एकटं राहणारी मुलगी, ऑफिसमधून थेट क्लास आणि रात्री दहाला टोस्ट, हे चित्र मी खूपदा पाहिलंय.

उत्तर 'नाही' असेल तरच पुढचं तुझ्यासाठी.

तू ही दोन वेगळी दुखणी म्हणून लिहिली आहेस. मला ते एकच वाटतं. कसं, ते सांगण्यासाठी आधी कथकचा पाय आणि फ्लामेंकोचा पाय शेजारी ठेवावे लागतील.

तत्कारात आपण अख्खा तळवा जमिनीवर टाकतो. गुडघे जवळजवळ सरळ, अंग ताठ, वजन एका पायावरून दुसऱ्यावर अगदी स्वच्छ जातं. टाचेखालची चरबीची गादी मोकळी असते, बोटं पसरलेली असतात, आघात मोठ्या जागेवर वाटला जातो. शिवाय घुंगरू. घुंगरू वाजायचे तर पाय घोट्यापर्यंत हादरावा लागतो. म्हणजे वर्षानुवर्षं तुझ्या शरीराने हे शिकून ठेवलंय की चांगला आवाज म्हणजे पायाला चांगला हादरा.

फ्लामेंकोत पायात बूट आहे, टाचेखाली पाच ते सात सेंटीमीटरचा ठोकळा आहे, आणि बुटाच्या पुढच्या टोकाला व टाचेला लहान लहान खिळे ठोकलेले आहेत. आवाज त्या खिळ्यांचा आणि लाकडाचा. तिथे काहीच हादरावं लागत नाही, लोखंडाने लाकडाला शिवलं की झालं. सापातेआदोत, म्हणजे फ्लामेंकोच्या पायाच्या कामात, तळव्याचे तुकडे पडतात: प्लांता म्हणजे चवडा, ताकोन म्हणजे टाच, गोल्पे म्हणजे अख्खा पाय, पुंता म्हणजे बुटाचं टोक. या चारांची उलटसुलट वीण म्हणजे एस्कोबिया, आपल्या तत्कारातल्या लडीची लांबची बहीण म्हण. या सगळ्यात गुडघे किंचित वाकलेले, आणि ते तसेच राहतात. मिनिटं मिनिटं.

आता उंच टाच काय करते ते बघ. अनवाणी असताना चवड्यावर उतरलं की टाच हळूहळू खाली येते, त्या प्रवासात पोटरी ताणली जाते आणि धक्का पिऊन टाकते. हे आपलं जन्मजात स्प्रिंग. टाचेखाली ठोकळा आला की हा प्रवास तोकडा होतो, आणि वजन आधीपासूनच चवड्याकडे घसरलेलं असतं. म्हणजे धक्का पिणारा लहान झाला आणि धक्का झेलणारा भाग अरुंद झाला. उभं राहिल्यावर चवड्याच्या ज्या लांब हाडांवर भार येतो त्यांत दुसरं सहसा सगळ्यात घट्ट बसवलेलं असतं, ते फारसं हलत नाही, म्हणून मारही तेच खातं. अंगठ्याखाली दोन इवलीशी हाडं असतात, सिसमॉइड, नावच तिळावरून पडलंय. फ्लामेंकोत तीही बऱ्याचदा कुरकुरतात, पण तुझं वर्णन तिकडचं वाटत नाही.

एवढं असूनही इथल्या बायका चाळीस-चाळीस वर्षं नाचतात. मग तुलाच का? इथे मुद्दा येतो आवाजाचा.

तबला शिकणाऱ्या पोराला 'ना' वाजवताना पहिल्या दिवशी काय सांगतात? तर्जनी चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, पडली की लगेच उठली पाहिजे. बोट तिथेच दाबून ठेवलं तर 'ना' मरतो, 'ठप्' होतो. जोर वाढवला तरी ठप्‌चा मोठा ठप् होतो, एवढंच. ताकोनचं अगदी तसंच आहे. खणखणीत आवाज येतो तो पाय किती वेगाने आला आणि किती पटकन सुटला यावर. तो आदळताना त्याच्या मागे किती किलो होते, यावर तो फार कमी अवलंबून असतो. पाय सैल असेल तर लाकडाला भेटतं फक्त पावलाचं आणि पोटरीचं वजन. गुडघा आणि कंबर आवळून मारलास तर त्या ठोक्यामागे अख्खी तू असतेस. आवाजात फरक थोडा, हाडात जाणाऱ्या धक्क्यात फरक फार.

खोटं वाटत असेल तर आज संध्याकाळी बूट घालून खुर्चीवर बस. दोन्ही पाय पाटावर, चवडे टेकलेले, आणि उजवी टाच उचलून सोड. उचल आणि सोड. मारू नकोस. तुझं जवळजवळ सगळं वजन खुर्चीवर आहे आणि तरी खालचा शेजारी छताला झाडू आपटेल इतका आवाज येतो. मी दवाखान्यात हे प्रत्येकीकडून करून घेते. एक मुलगी हसायलाच लागली, म्हणाली, मग मी इतके दिवस मारामारी कुणाशी करत होते?

आता तुझा डावा गुडघा. सापातेआदोत बघणाऱ्याचं लक्ष वाजणाऱ्या पायाकडे असतं. माझं उभ्या पायाकडे असतं. उजवा पाय आठ ठोके मारतो तेव्हा डावा किंचित वाकलेल्या गुडघ्यावर सगळं शरीर तोलून धरतो, मुकाट्याने. मांडीचा पुढचा स्नायू सतत ताणलेला, वाटी मांडीच्या हाडावर दाबलेली. गुडघा जितका वाकेल तितका हा दाब वाढतो. कथकमध्ये ही कसरत तुला कधी पडलीच नव्हती, तिथे गुडघा सरळ आणि भार हाडांवर रचलेला. त्यामुळे १४ वर्षांच्या रियाजाने तुझी लय, तुझा दम, तुझे घोटे पक्के केले असतील, पण वाकलेल्या एका गुडघ्यावर मिनिटभर उभं राहण्याच्या बाबतीत तू चार महिन्यांचीच आहेस.

आणि इथे दोन दुखणी एकमेकांना भेटतात. डावी मांडी थकली की गुडघा आत झुकतो, कंबर एका बाजूला पडते, आणि शरीर सुटका शोधतं. सुटका कुठे? उजव्या पायात. जो पाय नुसता शिवून उठायला हवा होता त्यावर वजन पडायला लागतं. ठोका जड होतो, चवडा दुखतो. बाईंना तो ठोका 'ठप्' ऐकू येतो म्हणून त्या म्हणतात आवाज काढ, आणि तू मारतेस अजून जोरात. बाई चुकत नाहीत, तूही चुकत नाहीस. 'दमदार' या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. त्यांच्या मनात स्पष्टता आहे, तुझ्या मनात घुंगरू.

अर्थात हे मी तुला न बघता लिहितेय. डाव्या गुडघ्यावर आधी कधी पडली असशील, पायाची कमान फार उंच किंवा फार सपाट असेल, तर चित्र बदलेल. पण सुरुवात 'उजव्याने' होणारी पदं जास्त बसवली जातात आणि उजवीकडे चवडा, डावीकडे वाटी अशी जोडी घेऊन येणाऱ्या मी इतक्या पाहिल्यात की पैज लावायची झाली तर यावरच लावेन.

थोडं विषयांतर. फ्लामेंकोत पूर्वी ढोबळ वाटणी होती, बाईने कमरेच्या वर नाचायचं आणि बाप्याने कमरेखाली. म्हणजे तिचे हात, त्याचे पाय. ती वाटणी मोडणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव बार्सिलोनात जन्मलेल्या कार्मेन आमायाचं. १९६३ मध्ये ती गेली, पण पुरुषी विजार घालून तिने पायाचं जे काम केलं त्यानंतर बाईच्या पायांकडून अपेक्षा कायमची बदलली. वाईट इतकंच की काम पुरुषांचं आलं आणि बुटाची टाच बायकांचीच राहिली. आज तू क्लासमध्ये तेच ठोके पुरुषांपेक्षा उंच टाचेवर मारतेस. मला हे बूट बनवणाऱ्यांशी कधीतरी भांडायचंय.

बुटांवरून आठवलं. तू लिहिलंस की बूट अर्धा नंबर मोठे घेतले, 'पायाला त्रास नको म्हणून'. वाढत्या मापाचं घ्यायची आपली सवय. पण उंच टाचेच्या सैल बुटात पाय पुढे घसरतो आणि बोटं त्याला धरून ठेवायला आकडी होतात. बोटं आखडली की लांब हाडांची डोकी खाली दाबली जातात, नेमकी तिथेच जिथे तुला दुखतं. बूट मोज्यासारखा बसला पाहिजे, टाच आत उचलली जाता कामा नये, आणि बोटं पसरायला पुढे रुंदी हवी. सध्या पाच सेंटीमीटरची, रुंद बुडाची टाच घे. सात सेंटीमीटर वर्षभर विसर. आत चवड्यासाठी लहान उशी लावायची असेल तर ती दुखऱ्या जागेच्या खाली लावू नकोस, जरा मागे, टाचेच्या दिशेने लाव. भार उचलला जातो तो मागून. खाली लावलीस तर खड्ड्यात खडा ठेवल्यासारखं होईल.

जमीन. क्लासमध्ये लाकडी तक्तपोशी आहे आणि तिच्याखाली पोकळी असेल तर उत्तम, तीच थोडी लवते आणि आवाजही तीच भरते. फ्लामेंको जिथे सादर होतो त्या जागेसाठीचा 'तब्लाओ' हा शब्दच मुळात 'ताब्ला' म्हणजे फळी यावरून आलाय. पण घरी तू टाइल्सवर प्लायवूड टाकून सराव करतेस ना? ते प्लायवूड शेजाऱ्यांसाठी आहे आणि टाइल्ससाठी आहे. तुझ्या हाडांसाठी नाही. काँक्रीटला चिकटून ठेवलेली फळी काँक्रीटच असते. खाली पट्ट्या ठोकून बोटभर पोकळी ठेव, किंवा घरी बुटाशिवाय फक्त हात आणि कोम्पास, म्हणजे तालाचं आवर्तन, कर. मनात बारा मोजत टाळ्या वाजवणं हाही सराव आहे, आणि कथकवाल्यांना तिहाई घेऊन समेवर येण्याची इतकी घाई असते की कोम्पासचे मधलेच आघात निसटतात. सोलेआ या फ्लामेंकोच्या प्रकारात आघात तीन, सहा, आठ, दहा, बारा, ते आधी हातात येऊ देत.

आता भार. आठवड्याला दोन तासांवरून सहा, हे ऐकायला चार तासांची वाढ वाटते. ठोक्यांत मोजून बघ. सापातेआदोत मध्यम गतीलाही सेकंदाला चार ठोके होतात. तासातली वीस मिनिटं पायाचं काम धरलं तर १,२०० सेकंद, ४,८०० ठोके. आठवड्याला सुमारे १०,००० होते ते २९,००० झाले, घरचे वेगळे. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात म्हणून तुला वाटतं जमतंय. हाड आणि कंडरा महिने घेतात. हाड तर नवा भार आला की आधी जुनं खणतं आणि मग नवं भरतं, त्या मधल्या काळात ते उलट कच्चं असतं. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये दक्षिण स्पेनमधल्या हेरेस शहरात फ्लामेंकोचा फेस्टिवल होतो, तिथे जगभरातून लोक आठवडाभराच्या कार्यशाळेला येतात. घरी आठवड्याला चार तास नाचणारे तिथे रोज चार तास नाचतात. मार्चचा दुसरा पंधरवडा माझ्यासाठी आंब्याच्या सीझनसारखा असतो.

महिनाभर पूर्ण बंद ठेवण्याबद्दल माझं मत काय? तडा असेल तर निर्विवाद बंद. नसेल तर मी सहसा तसं सांगत नाही, आणि याचं कारण माझीच एक चूक आहे. इथे नवीन असताना मी एका नर्तकीला चवड्याच्याच दुखण्यासाठी तीन आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली. दुखणं गेलं. ती खूश, मी खूश. चौथ्या आठवड्यात ती थेट कार्यशाळेला गेली आणि सहाव्या दिवशी लंगडत परत आली, आधीपेक्षा वाईट. विश्रांतीने दुखणं उतरलं होतं, पण पोटरी आणि मांडीची होती ती ताकदही उतरली होती, आणि ठोका मारायची पद्धत तीच होती.

तुझ्यासाठी मी असं करेन. दोन आठवडे क्लासला जा, पण एस्कोबिया सुरू झाली की बूट बदलून मऊ स्पोर्ट्स शूज घाल आणि पाय फक्त खुणेपुरता टेकव. हात, वळणं, चाल सगळं चालू. बाईंना आधी सांगून ठेव, इथल्या बाया कडक असतात पण दुखण्याला समजून घेतात, त्यांचीही दुखणी असतात. घरी एक दिवसाआड एका पायावर टाच उचलण्याचा व्यायाम, गुडघा सरळ ठेवून आणि मग थोडा वाकवून. दुसऱ्या प्रकाराने पोटरीचा आतला स्नायू तयार होतो, वाकलेल्या गुडघ्यावर तोच कामाला येतो. सावकाश. सलग वीस-पंचवीस निघेपर्यंत जोरकस सापातेआदो नाही. डाव्या पायासाठी एका लहान पायरीवर उभं राहून उजवी टाच जमिनीला शिवेल इतकं हळूहळू खाली जायचं, आरशासमोर, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवून. आरशात तो आत झुकताना दिसेल. दिसू दे, म्हणजे कळेल.

तिसऱ्या आठवड्यात बूट परत, पण आधी खुर्चीत बसून, मग भिंतीला हात लावून, मग मोकळं. सोलेआच्या संथ गतीत. बाजूने मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण कर आणि एकच गोष्ट बघ: ठोक्यानंतर उजवा पाय उठतोय की बसतोय. नडगी मागे उचलली जाते का तेही बघ, सापातेआदोत पाय गुडघ्यातून मागे उचलून सोडायचा असतो, कथकसारखा वर उचलून खाली दाबायचा नसतो. दुखण्याचा हिशेब दहापैकी ठेव. तीनपर्यंत चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पावलाला ते परत मूळ पातळीवर आलं पाहिजे. आलं नाही तर आदल्या दिवशी जास्त झालं, मग पुढच्या वेळी ठोके कमी. किती टक्क्यांनी वाढवायचं असा ठरावीक नियम लोक सांगतात, माझा त्यावर फारसा विश्वास नाही. सकाळचं पाऊल जास्त खरं बोलतं.

पाठीबद्दल तू काही लिहिलं नाहीस, तरी सांगते. १९८८ मध्ये फ्लामेंको नर्तकींवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात नडगीवर आणि कमरेच्या हाडावर कंपन मोजणारी यंत्रं बांधली होती. त्या नर्तकींच्या तक्रारी पायापुरत्या नव्हत्या, पाठीच्या आणि मानेच्याही होत्या. धक्का घोट्यापाशी थांबत नाही. छाती वर, कंबर मागे मोडलेली आणि खाली ठोके चालू, अशी तुझी ठेवण असेल तर सहा महिन्यांनी तू कंबरेचा प्रश्न विचारशील. बरगड्या खाली सोड, ऐट मानेत ठेव.

तर पुढच्या वेळी दोन गोष्टी टाक, मग जास्त नेमकं बोलता येईल. एक तो बाजूचा व्हिडिओ, डावा पाय पूर्ण दिसेल असा. दुसरं, बुटांच्या आतल्या तळाचा आणि खालच्या खिळ्यांचा फोटो, दिवा तिरपा धरून. आत दुसऱ्या बोटाच्या मागे खड्डा पडलाय का आणि उजव्या बुटाचे खिळे डाव्यापेक्षा जास्त झिजलेत का, ते मला बघायचंय.